फिओर्डलँड: चालायचं कुठे, वल्हवायचं कधी, थांबायचं केव्हा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नैर्ऋत्य कोपरा म्हणजे फिओर्डलँड. हिमनद्यांनी उभ्या कापलेल्या दऱ्यांमध्ये समुद्र आत शिरला आणि हे फिओर्ड तयार झाले. इथल्या खाड्यांची नावं मिलफर्ड साउंड, डाउटफुल साउंड अशी असली तरी त्यांपैकी एकही खरा ‘साउंड’ नाही. साउंड म्हणजे बुडालेली नदीची दरी. इथल्या दऱ्या बर्फानं खोदल्या आहेत. हा निव्वळ शब्दांचा घोळ नाही, चालणाऱ्याला आणि वल्हवणाऱ्याला तो थेट भोवतो. बर्फानं कापलेल्या भिंती सरळ पाण्यात उतरतात, त्यामुळे किनारा जवळजवळ नसतोच. दमलात म्हणून कयाक, म्हणजे वल्हवायची अरुंद होडी, कुठेही काठाला लावली, असं इथे होत नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. मिलफर्ड साउंडला वर्षाला साधारण ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वर्षातले निम्मे दिवस तरी ओले जातात. डोंगरांच्या अलीकडे, गाडीनं दोन तासांवर असलेल्या ते आनाऊ गावात मात्र तो जेमतेम १,२०० मिलिमीटर असतो. ते आनाऊत ऊन पडलंय म्हणून मिलफर्डलाही पडलं असेल, असं धरून निघणारे रोज भिजतात. म्हणून तारखा आखताना पहिला नियम हा: दर चार-पाच दिवसांमागे एक दिवस मोकळा सोडा. तो वाया जात नाही. बहुतेक वेळा त्याच दिवशी नदी उतरायची वाट बघावी लागते.

हंगाम आणि आरक्षण

पायवाटांचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर. डिसेंबर-जानेवारीत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. हिवाळ्यात मिलफर्ड ट्रॅकवर हिमस्खलनाचा धोका असतो आणि वाटेवरचे काही पूल काढून ठेवतात. ज्यांना बर्फातलं चालणं येत नाही त्यांनी तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

मुख्य वाटांवरच्या झोपड्या, म्हणजे ‘हट’, निसर्गसंवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर आधी आरक्षित कराव्या लागतात. या खात्याला तिथे सगळे ‘डॉक’ म्हणतात. हंगामाचं आरक्षण काही महिने आधी उघडतं आणि मिलफर्ड ट्रॅकच्या चांगल्या तारखा काही मिनिटांत संपतात. हुकलं तर रोज एकदा संकेतस्थळ बघत राहा, रद्द झालेल्या जागा तिथे परत येतात. एकट्यादुकट्याला मिळून जाते, सहा जणांच्या गटाला सहसा नाही.

कोणती वाट कोणासाठी

मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरचा, चार दिवस-तीन रात्रींचा. हंगामात तो एकाच दिशेनं चालायचा असतो: ते आनाऊ डाउन्सहून बोटीनं ग्लेड धक्क्यावर, मग क्लिंटन, मिंटारो आणि डंपलिंग या तीन हटमध्ये एकेक मुक्काम, आणि शेवटी सँडफ्लाय पॉइंटहून पुन्हा बोट. मधे जास्तीचा मुक्काम नाही, तंबू ठोकायला परवानगी नाही. तिसरा दिवस कस लावतो. सुमारे १,१५० मीटरवरची मॅकिनन खिंड चढायची आणि मग दगडगोट्यांवरून तितकंच, किंबहुना जास्त, खाली उतरायचं. दम चढताना लागतो, गुडघे उतरताना जातात. चालायच्या दोन काठ्या याच दिवसासाठी घ्या. उतरल्यावर ५८० मीटरच्या सदरलँड धबधब्यापर्यंत जाऊन यायला दीड तास लागतो. सॅक फाट्यावरच्या निवाऱ्यात ठेवून जा, पण पिशव्यांची तोंडं नीट बंद करून, कारण किआ पोपटांना चेन उघडता येते.

केप्लर ट्रॅक साठ किलोमीटरचा गोल फेरा आहे आणि तो ते आनाऊ गावातूनच चालत सुरू करता येतो. ना बोट, ना बस. मिलफर्डचं आरक्षण मिळालं नाही म्हणून नाइलाजानं केप्लर घेणारे बरेच असतात. खरं तर पहिल्यांदा येणाऱ्यानं केप्लरच आधी घ्यावा. हवामान बिघडलं तर गाव जवळ असतं, पाय दुखावला तर रेनबो रीचला वाट सोडून बस पकडता येते, आणि डोंगरधारेवरून दिसणारा देखावा कशालाही हार जाणारा नाही. पहिल्या दिवशी तळ्याच्या काठानं ब्रॉड बे आणि मग जंगलातून चढत लक्समोर हट, एकूण जवळपास १४ किलोमीटर, पाच-सहा तास. दुसऱ्या दिवशी आयरिस बर्न हटपर्यंत साधारण तेवढंच अंतर, पण बरंचसं उघड्या धारेवरून. या धारेवर वारा माणसाला शब्दशः आडवा पाडतो. मधे फॉरेस्ट बर्न आणि हँगिंग व्हॅली असे दोन आपत्कालीन निवारे आहेत. ते मुक्कामासाठी नाहीत, दम घ्यायला आणि कपडे बदलायला आहेत. सकाळी हटमधला वॉर्डन धारेवरचा अंदाज फळ्यावर लिहितो. त्यानं ‘थांबा’ म्हटलं तर थांबायचं.

रूटबर्न ३३ किलोमीटरचा आहे, दोन-तीन दिवसांत होतो. त्याची अडचण अंतराची नाही, टोकांची आहे. एक टोक ग्लेनॉर्कीकडे, दुसरं मिलफर्ड रस्त्यावरच्या ‘द डिव्हाइड’ला, आणि रस्त्यानं या दोघांमधलं अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त. गाडी एका टोकाला लावून दुसरीकडे उतरायचं ठरवलं असेल तर ती परत कशी आणायची हे आधी ठरवा. बस किंवा गाडी पोचवून देणारी सेवा लागतेच.

एकच दिवस हातात असेल तर डिव्हाइडहून की समिट, जाऊन-येऊन तीन तास. गर्ट्रूड सॅडल ही खिंड फोटोंमध्ये सोपी दिसते, पण ओल्या गुळगुळीत कातळावरून घसरून तिथे माणसं गेली आहेत. पाऊस पडतोय, नुकताच पडून गेलाय, किंवा वर बर्फ आहे, यांपैकी काहीही असेल तर तिकडे जाऊ नका. डस्की ट्रॅक मात्र वेगळ्याच जातीचा: ८४ किलोमीटर, आठ-दहा दिवस, चिखल मांडीपर्यंत, आणि एका तारेवर पाय व दोन तारांवर हात ठेवून पार करायचे एकवीस पूल. अशा पुलावर एका वेळी एकच माणूस. पहिल्या सहलीत हा घेऊ नका.

सॅक कशी भरायची

चार दिवसांच्या हट-सहलीला अन्नासकट १२ ते १४ किलोच्या वर वजन जाऊ देऊ नका. सॅकवर बाहेरून घालायच्या पावसाळी खोळीवर इथे भरवसा ठेवता येत नाही. धारेवरचा वारा ती फुगवतो आणि उडवून नेतो, शिवाय पाणी पाठीकडून आत झिरपतंच. त्याऐवजी सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान त्या पिशवीत, आणि तिचं तोंड पीळ देऊन दुमडून बंद. झोपायची पिशवी आणि कोरडे कपडे त्यातही वेगळ्या छोट्या ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

कपडे लोकरीचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे. सुती बनियन आणि जीन्स गावातच ठेवा. भिजलेलं सूत अंगातली ऊब शोषून घेतं आणि दिवसभर वाळत नाही. दोन जोड्यांचा हिशेब ठेवा: एक चालायची, जी ओलीच राहणार, आणि एक हटमध्ये घालायची, जी कोणत्याही परिस्थितीत भिजू द्यायची नाही. सकाळी ओले, गार मोजे पुन्हा पायात घालणं जिवावर येतं आणि हात कोरड्या जोडीकडे जातो. तो आवरा. दहा मिनिटं चालल्यावर ओले लोकरी मोजे गरम होतात. कोरडी जोडी भिजली की रात्र गेली. बूट ‘वॉटरप्रूफ’ असले तरी घोट्याच्या वरून पाणी येतंच आणि मग आतून बाहेर जात नाही. त्यामुळे ते कोरडे ठेवायच्या नादात काठाकाठानं वाट रुंद करत चालू नका, सरळ डबक्यातून जा.

हंगामात मिलफर्ड, केप्लर आणि रूटबर्न या तीन वाटांच्या हटमध्ये गॅसच्या शेगड्या आणि गाद्या असतात. भांडी, काडेपेटी, झोपायची पिशवी आणि सगळं अन्न तुमचं. माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं अन्न धरा आणि एक दिवसाचं जास्तीचं घ्या. कचराकुंडी कुठेही नाही, रिकामी पाकिटं परत आणायची. तंबूत राहणार असाल तर गॅसचा डबा ते आनाऊ किंवा क्वीन्सटाउनला विकत घ्या, विमानात तो नेता येत नाही. न्यूझीलंडमध्ये उतरतानाही एक लक्षात ठेवा: वापरलेले बूट, तंबू, काठ्या विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि त्यांवर माती असेल तर अडकता. निघण्यापूर्वी बुटांचे तळ ब्रशनं घासा, खाचांमधला एकेक खडा काढा.

सँडफ्लाय या चावऱ्या माशीबद्दल कॅप्टन कुकनंही १७७३ साली तक्रार लिहून ठेवली आहे. ती दिवसा चावते, रात्री नाही. चालत्या माणसाच्या वेगाला ती पुरी पडत नाही, म्हणून त्रास होतो तो थांबल्यावर. जेवायला वाऱ्याची जागा शोधा. गडद रंगांवर ती जास्त येते, फिके आणि लांब बाह्यांचे कपडे घाला. औषध घोटे, मनगटं आणि मानेमागे लावा. त्यात डीट हे रसायन असेल तर हात पुसूनच चष्मा, घड्याळ किंवा रेनकोटला हात लावा, कारण डीटनं प्लॅस्टिक विरघळतं.

हटबाहेर बूट ठेवू नका. किआ लेस तोडतात, बुटाच्या आतलं अस्तर बाहेर काढतात, आणि एकच बूट उचलून नेतात. आत खुंटीवर टांगा.

पाणी चढलं तर

मुख्य वाटांवर मोठ्या नद्यांवर पूल आहेत, पण जोरदार पावसात ओहोळही अडवतात आणि मिलफर्ड ट्रॅकवरच्या क्लिंटन दरीत वाटेवरच कमरेएवढं पाणी येतं. इथल्या उतारांवर माती पातळ, खाली कातळ. पाऊस मुरत नाही, म्हणून तासाभरात पाणी चढतं. पण याच कारणानं ते लवकर उतरतंही. पाऊस थांबल्यावर काही तासांत तोच ओहोळ घोट्याएवढा झालेला असतो. थांबणं हाच इथला सगळ्यात उपयोगी उपाय आहे.

पाण्याचा वेग तुमच्या चालीपेक्षा जास्त असेल, पाणी गढूळ असेल, झाडाच्या फांद्या वाहत येत असतील, किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर उतरू नका. यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. हा आवाज कानापेक्षा तळव्यांना आधी कळतो. काठावर स्थिर उभं राहिलं की जमीन हलकेच थरथरताना जाणवते. ओलांडायचंच झालं तर गटानं: सगळे एका ओळीत, प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या सॅक आणि पाठीच्या मधून जाऊन त्याचा पट्टा घट्ट धरलेला, सगळ्यात दणकट माणूस प्रवाहाच्या वरच्या टोकाला. ओळ प्रवाहाला समांतर ठेवायची, म्हणजे पहिला माणूस पाणी फोडतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाला राहतात. छातीवरचा पट्टा आधी सोडा. बूट काढू नका. आणि खाली धबधबा किंवा पाण्यात आडवी पडलेली झाडं असतील तर ती जागाच बाद.

थंडीचा त्रास ओळखायला थर्मामीटर लागत नाही. माणूस अडखळायला लागतो, बोलणं जड होतं, बटण लावता येत नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणत असला तरी तिथेच थांबा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, झोपायच्या पिशवीत घाला, शुद्धीत असेल तर गरम गोड प्यायला द्या.

कयाक: सकाळ तुमची, दुपार वाऱ्याची

उन्हाच्या दिवशी मिलफर्डला सकाळी पाणी आरशासारखं असतं. मग जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून वारा आत शिरतो. उभ्या भिंतींमुळे तो नळीतून आल्यासारखा जोर धरतो. म्हणून लवकर निघा, खाडीच्या तोंडाकडे वल्हवत जा आणि परतताना वारा पाठीवर घ्या. पाठीवरचा वारा सोपा वाटतो, पण मागून येणारी लाट कयाकची शेपूट फिरवते आणि ती आडवी होते. सुकाणू पाण्यात सोडा, वल्हं कमी उंचीवर ठेवा, लाट उचलते तेव्हा नाही तर ती पुढे सरकल्यावर दिशा सुधारा.

लाटा असतील तर भिंतीला चिकटून जाऊ नका. कातळावर आपटून परत आलेली लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी जागच्या जागी उसळतं. दुसरं कारण वर आहे. भिंतींवरची झाडं मातीत नाहीत, शेवाळात आणि एकमेकांच्या मुळांत अडकून उभी आहेत. मोठ्या पावसानंतर एक सुटलं की खालची सगळी पट्टी घेऊन पाण्यात येतं. कातळावरचे ते उघडे, फिके उभे पट्टे दिसतात ना, ते याच झाडांच्या दरडींचे. त्यांच्याखाली जेवायला थांबू नका. सुमारे दीडशे मीटरच्या स्टर्लिंग धबधब्याच्या पायथ्याशीही पाण्याबरोबर कोसळणारी हवा चहूकडे झोत मारते. जवळ जाऊन फोटो काढायचा मोह होतो, आणि नेमका तेव्हाच हात वल्ह्यावर नसतो.

पर्यटकांच्या मोठ्या बोटी दिवसभर फिरतात. खाडी ओलांडायची तर सगळ्यांनी एकत्र, बोटींच्या मार्गाला काटकोनात, न रेंगाळता. सील आणि डॉल्फिन यांच्या अंगावर जाऊ नका, ते आपणहून आले तर वल्हं थांबवा.

पाण्यात वल्हं खोल घातलं की एक गंमत दिसते. पातं चहाच्या रंगाचं होतं. जंगलातल्या पाल्याचा अर्क घेऊन उतरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हा थर उजेड अडवतो, म्हणून खोल समुद्रातलं काळं प्रवाळ इथे उथळ पाण्यातही वाढतं. वल्हवणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की वरचं पाणी डोंगरावरून आत्ताच उतरलंय आणि भर उन्हाळ्यातही बोचरं थंड आहे. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आवरत नाही, घशात पाणी जाण्याचा धोका तेव्हाच. त्यानंतर बोटं कामाची राहतात ती साधारण दहा मिनिटं. तेवढ्यात परत बसायला हवं. लाइफ जॅकेट अंगावर, बकल लावलेलं. कयाकच्या जाळीखाली खोचलेलं जॅकेट उपयोगाचं नाही.

उलटलात तर पुढे झुका, स्प्रे-डेकचा, म्हणजे कमरेभोवती बांधून बैठकीचं तोंड झाकणाऱ्या घेरदार कापडाचा, पट्टा पुढे आणि वर ओढून सोडवा, हातांनी कडा ढकलत पाय बाहेर काढा. कयाक आणि वल्हं सोडू नका. सोबत दुसरी कयाक असेल तर तिनं तुमच्या कयाकचं नाक आपल्या मांडीसमोर आडवं ओढून घ्यायचं, पाणी ओतून काढायचं, ती सरळ करून समांतर लावायची आणि घट्ट धरून ठेवायची. मग तुम्ही मागच्या बाजूनं पोटावर चढून, पाय आत घालून, वळून बसायचं. एकटे असाल तर वल्ह्याच्या एका पात्यावर हवेची पिशवी फुगवून ते आधारासारखं आडवं लावायचं. हे सगळं आधी उथळ, शांत पाण्यात किमान तीनदा करून बघा. सराव नसेल तर मिलफर्डला डीपवॉटर बेसिनहून निघणाऱ्या मार्गदर्शकाबरोबरच्या सहली घ्या.

डाउटफुल साउंड चाळीस किलोमीटर लांब आणि बराच शांत आहे. तिथे पोचायला मानापौरी तळं बोटीनं ओलांडायचं आणि मग विल्मट खिंडीतून कच्च्या रस्त्यानं डीप कोव्हला उतरायचं. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामी कयाक सहलीला हीच जागा योग्य. सामान भरताना जड वस्तू बैठकीच्या जवळ आणि तळाशी, हलक्या टोकांकडे, दोन्ही बाजूंना सारखं वजन. दहा-पंधरा लिटरच्या लहान ड्राय बॅगा घ्या, मोठी एक पिशवी झाकणातून जात नाही. रात्री कयाक भरतीच्या रेषेच्या वर ओढा आणि तरीही झाडाला बांधा.

निघण्याआधी

ते आनाऊ सोडल्यावर मिलफर्डपर्यंतच्या सुमारे १२० किलोमीटरमध्ये मोबाइल जवळजवळ चालत नाही. पेट्रोल ते आनाऊलाच भरा. होमर बोगद्यापाशी सिग्नलवर वीसेक मिनिटं जाऊ शकतात, बोटीची वेळ गाठायची असेल तर ती धरा. मे ते नोव्हेंबर हिमस्खलनामुळे हा रस्ता बंद होऊ शकतो आणि फलक लागला असेल तेव्हा चाकांच्या साखळ्या सोबत असाव्याच लागतात.

४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, ते आनाऊत भाड्यानं मिळतो. तो सॅकच्या तळाशी नाही, खांद्याच्या पट्ट्याला ठेवा, आणि कयाकमध्ये लाइफ जॅकेटच्या खिशात. खोल दरीत आकाशाची फट अरुंद असते, त्यामुळे तो चालू केल्यावर शक्य तितकी मोकळी जागा गाठा, अँटेना सरळ वर ठेवा आणि बंद करू नका. गावातल्या एका माणसाला वाट, मुक्काम आणि ‘या वेळेपर्यंत कळवलं नाही तर १११ ला फोन कर’ ही वेळ लिहून द्या. परत आल्यावर त्याला आठवणीनं कळवा, नाहीतर शोधपथक निघायचं.

एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी कयाक, बूट, स्प्रे-डेक सगळं तपासा, पाच टक्के डिटर्जंटच्या पाण्यानं धुवा आणि वाळवा. हाताला कोरडं लागल्यावरही आणखी ४८ तास जाऊ द्या. डिडिमो हे शैवाल नद्यांचे तळ व्यापून टाकतं आणि ओल्या मोज्याच्या एका थेंबातूनही पसरतं. बुटांच्या जिभेखालची आणि लाइफ जॅकेटच्या शिवणीतली ओल सगळ्यात शेवटी जाते, तिथे बोट घालून बघा.